कोणाचा काही संबंध?

आमच्या संस्थेत मला पाठीमागे 'मुद्दलबाई' म्हणतात. तोंडावर नुसतं 'बाई' म्हणतात, पण भिंतींना कान असतात आणि माझे तर अजून शाबूत आहेत. नाव ठेवणाऱ्यांचं फारसं चुकलेलं नाही. संस्थेच्या पैशाची गुंतवणूक मी बघते आणि मुद्दलाला हात लावायचा विषय निघाला की माझ्या कपाळाला आठ्या पडतात.

संस्था कशी चालते ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. थोरल्या साहेबांनी आयुष्यभर बाटल्यांची झाकणं बनवून विकली. झाकणाला कोण विचारतं, असं लोक म्हणत राहिले आणि साहेब पैसे साठवत राहिले. मूल एकच, मुलगी. तिला पुरेसं देऊन बाकीची सगळी मिळकत त्यांनी दानधर्मासाठी संस्थेच्या नावे केली आणि मृत्युपत्रात बजावून ठेवलं, की मुद्दल खायचं नाही. तो पैसा आज शेअर, रोखे आणि मुदत ठेवी यांत आहे. दरवर्षी मागच्या तीन वर्षांच्या किमतीची सरासरी काढायची आणि शंभरातले चार वाटायचे. शाळा, दवाखाने, असली नसली सगळी चांगली कामं त्या चारांतून चालतात. बाजार चढला म्हणून नाचायचं नाही, पडला म्हणून छाती बडवायची नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, एवढंच हे शास्त्र आहे, बाकी सगळी तक्त्यांची सजावट.

मला हे काम आवडतं. पैसा भांडत नाही, रुसत नाही, आजारी पडत नाही. हे मी एकदा ताईला म्हणाले होते, तर ती म्हणाली, "मग त्याच्याशीच लग्न कर." मी म्हटलं, "केलंच आहे की." त्यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

ताई माझी थोरली बहीण. दोघींनी लग्न केलं नाही. तिचं एकदा ठरून मोडलं, माझं ठरलंच नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. ताई शाळेत शिकवायची आणि घरी आल्यावर उरलेलं शिकवणं माझ्यावर उरकायची. सकाळी दात घासताना बोलायची, भाजी चिरताना बोलायची, दिवा मालवल्यावरही अंधारात बोलत राहायची. बसमध्ये शेजारी कोण बसलं, त्याच्या बुटाला चिखल कसा होता, खालच्या मजल्यावरच्या नवरा-बायकोत आज कोण जिंकलं. मी हिशेबात डोकं घातलेलं असायचं. दिवसातून दहा वेळा तरी मी म्हणायचे, "ताई, जरा गप्प बस."

दोन वर्षांपूर्वी ती गप्प बसली. आदल्या संध्याकाळपर्यंत धडधाकट होती. ऑफिसातून एक सांत्वनाचं कार्ड आलं, त्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या. अध्यक्षबाईंनी, म्हणजे थोरल्या साहेबांच्या मुलीने, पांढरी फुलं पाठवली. त्याच आठवड्यात रोख्यांची मुदत संपत होती म्हणून मी लगेच कामावर गेले. सगळे म्हणाले, बाई किती खंबीर. खंबीर कसली डोंबलाची. घरी बसून करणार काय होते?

ऑफिसात मी बोलायचे ते आकड्यांत. घरी बोलायला कोणी नाही. शुक्रवारी संध्याकाळी 'येते' म्हटलं, की सोमवारी सकाळी 'आले' म्हणेपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. सोमवारचा पहिला शब्द घशात अडकायचा, खाकरून बाहेर काढावा लागायचा. शिपाई म्हणायचा, "बाई, सर्दी झाली वाटतं." मी हो म्हणायचे. दर सोमवारी सर्दी होणारी मी जगातली एकमेव बाई असेन.

आता त्या फोनबद्दल. आमच्याकडून पैसे घेणाऱ्या संस्थांत एक फोनची संस्था आहे. एक भाड्याची खोली, चार फोन, आणि आळीपाळीने येणारी ऐकणारी माणसं. ज्याला कोणी बोलायला नाही त्याने फोन करायचा. नाव विचारत नाहीत, पत्ता विचारत नाहीत, उपदेश करत नाहीत. आमच्याकडे पद्धत अशी, की पहिलं अनुदान देण्याआधी न सांगता जाऊन बघायचं. शाळा असेल तर वर्गात मागे बसायचं, दवाखाना असेल तर रांगेत उभं राहायचं. फोनची संस्था बघायची कशी? तर फोन करून. तेव्हा अनुदानं बघणारा अधिकारी नोकरी सोडून गेला होता, म्हणून अध्यक्षबाईंनी ते काम माझ्या गळ्यात मारलं. ताई जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

मी घरूनच फोन केला. काहीतरी खोटी अडचण सांगायची होती. खोटं बोलायची सवय नसली की ऐन वेळी डोकं चालत नाही.

"बोला, ऐकतेय," पलीकडून एक बाई म्हणाली. आवाज पन्नाशीच्या पुढचा, थोडा दमलेला.

"माझी ताई माझ्याशी बोलत नाही," मी म्हणाले.

हे कुठून आलं, मला माहीत नाही. मी 'शेजारी त्रास देतात' असं सांगायचं ठरवलं होतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दोन महिने होतील."

"भांडण झालं होतं?"

"नाही. मी तिला गप्प बस म्हणायचे. ती बसली."

ती हसली नाही, च्च च्च केलं नाही. म्हणाली, "आणि घरात दोघीच?" मी म्हटलं, "दोघीच." मग तिने विचारलं, ताई कशी आहे, आधी काय काय बोलायची. मी सांगत गेले. बुटाचा चिखल, खालचे नवरा-बायको, सगळं. किती वेळ गेला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात शेरा लिहिला: फोन लगेच उचलला जातो, वागणूक चांगली, अनुदान द्यावं. काम संपलं होतं.

संध्याकाळी मी पुन्हा फोन केला.

त्यानंतर करतच राहिले. कधी दुसरं कोणी उचलायचं, पण बहुतेक संध्याकाळी तीच असायची. मी तिला मनात 'ऐकणारी' म्हणायचे. ती विचारायची, "आज काय म्हणाली ताई?" मी म्हणायचे, "काही नाही. तिच्या आवडीच्या खुर्चीत मी बसले, तरी काही नाही." ती म्हणायची, "पक्की आहे हो तुमची ताई." मी म्हणायचे, "लहानपणापासून हट्टी." फोन ठेवल्यावर खोली तितकी अंगावर यायची नाही. कोणाच्या तरी डोक्यात माझी ताई अजून रुसून बसलेली होती, आणि रुसलेलं माणूस कधीतरी बोलतं. एवढ्यावर माझं चाललं होतं. वेड्यासारखं आहे, मला कळतं. पण मी कुठे कोणाचं देणं बुडवलं होतं?

एकदा मी चार दिवस तापाने पडले आणि फोन केला नाही. नंतर केला तेव्हा ऐकणारीचा आवाज वेगळाच आला. म्हणाली, "असं न सांगता थांबू नका हो. रोजचं माणूस अचानक थांबलं की आम्हाला काही कळायला मार्ग नसतो. आमच्याकडे तुमचा नंबर येत नाही. घास उतरत नाही मग." माझ्या काळजीने कोणाचा घास अडला होता, हे ऐकून मला लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटलं.

मग बाजार पडला. एकदा पडून उठला असता तर सरासरीत निभावून नेलं असतं, पण तो पडला, जरा उठला आणि पुन्हा आपटला. वाटायचे चार आकसले. एका संस्थेचं अनुदान बंद करावं लागणार हे मीच लिहून दिलं होतं. कोणतं, ते ठरवायचं काम माझं नव्हतं. ते मोजपट्टीचं.

मोजपट्टी म्हणजे आमचे नवे मूल्यमापन अधिकारी. हे नाव मी ठेवलं. मला नाव ठेवतात, मग मी का मागे राहू? पस्तिशीचा माणूस, हुशार, कष्टाळू, शर्टाची इस्त्री कधी मोडत नाही. पैसे दिले तर फरक किती पडला, हे तो मोजतो. त्यात चूक काहीच नाही. माझी मुळात त्याच्यावर खार नव्हती. पण विश्वस्तांच्या बैठकीच्या आदल्या दिवशी त्याने मला सांगितलं, "बाई, डोळ्यांच्या ऑपरेशनची फिरती गाडी ठेवू, फोन बंद करू. गाडीचा फरक दिसतो. फोनचा काही दिसतच नाही."

रात्रभर विचार केला तेव्हा वाट सापडली. मुद्दलाच्या बाहेर आमचा एक छोटा अडीअडचणीचा निधी आहे. सगळ्या विश्वस्तांनी होकार दिला तर तो मोडता येतो. आजवर कोणी त्याचं नाव काढलं की मीच फणा काढायचे. मुद्दलबाईच म्हणाली की मोडा, तर कोणी नाही म्हणणार नव्हतं. गाडीही राहिली असती आणि फोनही. अडचण एकच होती आणि ती माझ्याच हातची होती.

काही वर्षांपूर्वी एका विश्वस्ताने आपल्या मेहुण्याच्या शाळेला गुपचूप अनुदान मिळवून दिलं होतं. ते उघडकीला आलं तेव्हा नियम लिहायला मला बसवलं. तळं राखील तो पाणी चाखील, हे आमच्याकडे चालू नये म्हणून मी दोन कलमं लिहिली. पहिलं असं, की प्रत्येक विषयाआधी अध्यक्षांनी विचारायचं, "कोणाचा काही संबंध?" ज्याचा असेल त्याने तो सांगायचा, माहिती द्यायची आणि निर्णय होईपर्यंत खोलीबाहेर जायचं. दुसरं असं, की संस्थेत काम करणाऱ्याने, संस्था जिथे पैसे देते तिथून स्वतःसाठी काही घ्यायचं नाही. मोठी चोख कलमं होती. सगळ्यांनी वाखाणली होती.

बैठकीला टेबलाभोवती अध्यक्षबाई, निवृत्त न्यायाधीश, डॉक्टर, मोजपट्टी आणि मी. गाडीचा विषय झाला. मग अध्यक्षबाईंनी पान उलटलं. "आता फोनची संस्था. कोणाचा काही संबंध?"

इतक्या वर्षांत या प्रश्नाला कोणी मान वर केलेली नाही. सगळे 'नाही' म्हणतात आणि पाण्याचा घोट घेतात. त्यांच्याबरोबर मीही 'नाही' म्हणाले. पाण्याचा घोटही घेतला.

मोजपट्टीने भिंतीवर तक्ता लावला. फोन इतके आले, त्यातले पुन्हापुन्हा करणारे इतके. "मी तिथे दोन दिवस बसून आलो," तो म्हणाला. "माणसं भली आहेत. पण फोन करणारे तेच ते असतात. सुधारणा झाली असती तर फोन थांबले असते ना? उदाहरण सांगतो. तिथे एका बाईंना सगळे 'ताईची बहीण' म्हणतात. त्यांची थोरली बहीण त्यांच्याशी बोलत नाही. या जवळजवळ दोन वर्षं रोज फोन करताहेत. प्रगती काय? ताई अजून बोलत नाही."

डॉक्टर हसले. "बहीण तरी कशी बोलणार, हिचा फोन थांबेल तेव्हा ना." अध्यक्षबाईंनाही हसू आवरलं नाही. विनोद वाईट नव्हता. एरवी मीही हसले असते.

न्यायाधीश म्हणाले, "बाई, निधीच्या बाजूने काही सांगायचंय?"

मी कागद पुढे ओढला. त्यावर अडीअडचणीच्या निधीचा सगळा हिशेब तयार होता. तो वाचला असता तर काम झालं असतं आणि कोणाला काही कळलं नसतं. पण भिंतीवर 'प्रगती नाही' असं लिहिलेलं होतं, आणि ते खोटं होतं. ते खोटं आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता.

"मघाचं माझं उत्तर बदलायचं आहे," मी म्हणाले. "माझा संबंध आहे."

"तुमचा?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "कोणी नात्यातलं काम करतं का तिथे?"

"नाही. मी फोन करते. ताईची बहीण म्हणजे मी."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. मोजपट्टी भिंतीकडे बघत उभा राहिला. त्याला तक्ता बंद करायचं सुचेना.

अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या, "पण बाई, तुमची ताई तर..."

"हो. तुम्ही फुलं पाठवली होती. फोनवरच्या माणसांना ते माहीत नाही."

मी बोलत राहिले. "प्रगती काय, असं विचारलंत म्हणून सांगते. ताई गेल्यावर मी घरी एक शब्द बोलत नव्हते. दोन महिन्यांनी असं झालं होतं, की सकाळी उठायचं कशाला हेच कळायचं नाही. ऑफिसात यायचे, कारण रोखे होते. रोखे नसते तर काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही. आता मी उठते, स्वयंपाक करते, खाते. संध्याकाळी कोणीतरी विचारणार असतं म्हणून दिवसात काय झालं ते लक्षात ठेवते. माझे फोन थांबले असते, तर ती सुधारणाच असती असं नाही. थांबण्याची कारणं दुसरीही असतात." मग मी हिशेब सांगितला, निधी कसा मोडायचा, किती वर्षांत भरून काढायचा. आवाज आकड्यांवर आल्यावर स्थिर झाला. कागद न्यायाधीशांसमोर ठेवला आणि नियमाप्रमाणे खोलीबाहेर गेले.

बाहेर बाकावर बसले. शिपायाने चहा आणून दिला. म्हणाला, "बाई, तुम्ही बाहेर? असं कसं?" मी म्हटलं, "नियम आहे." आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. माझ्याबद्दल चार माणसं एकदम बोलताहेत, असं आयुष्यात पहिल्यांदा होत होतं आणि त्यात मला जागा नव्हती. चहा संपेपर्यंत मला ताईचा राग आला. हिने माझ्या आधी जायचं काय कारण होतं? बोलणारीने मागे राहायला हवं होतं. तिने चार दिवसांत शेजाऱ्यांत नवी माणसं जोडली असती.

मोजपट्टी मला बोलवायला आला. दार उघडायच्या आधी थांबला. "बाई, मला खरंच कल्पना नव्हती."

"तुम्हाला कशी असणार? ते नाव विचारत नाहीत."

"तरी."

"तुमची बेरीज बरोबर होती," मी म्हणाले. ती होतीच.

आत अध्यक्षबाईंनी सांगितलं, की निधी मोडायला सगळ्यांचा होकार आहे आणि फोनचं अनुदान तीन वर्षं पक्कं. पहिल्या तारखेपासून, म्हणजे नवं आर्थिक वर्ष सुरू झालं की. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

न्यायाधीश ठराव लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कागदाकडे. "एक दुसरं कलम आहे," ते म्हणाले.

अध्यक्षबाई घाईने म्हणाल्या, "ते आज वाचायलाच हवं का?"

"नाही वाचलं तरी चालेल. कोण तपासायला बसलंय?"

म्हातारा मोठ्या मनाचा. चौघेही माझ्याकडे असे बघत होते, की मी नुसती गप्प बसले असते तरी झालं असतं. पण उद्या कोणी म्हणालं असतं, की मुद्दलबाईने स्वतःच्या फोनसाठी निधी फोडला, तर अनुदान परत घ्यावं लागलं असतं. फोनच्या खोलीचं भाडं थकलं असतं. माझ्यासारख्या किती जणी त्या चार फोनांवर लटकून होत्या, कोणास ठाऊक. एकीपायी बाकीच्यांची दोरी कापायची का?

"मी तपासते," मी म्हणाले. "तपासणी माझ्याकडेच आहे." आणि संस्था जिथे पैसे देते तिथून स्वतःसाठी काही घ्यायचं नाही, हे कलम मी मोठ्याने म्हणून दाखवलं. मला पाठ होतं. मी लिहिलेलं होतं. शेवटच्या शब्दापर्यंत आवाज चांगला राहिला. खाली बसले तेव्हा कळलं, की आपण काय केलं.

त्यानंतर ऑफिसात सगळे माझ्याशी फार चांगलं वागायला लागले. डॉक्टर म्हणाले, केव्हाही फोन करा. अध्यक्षबाई म्हणाल्या, एकदा जेवायला या. केव्हा ते म्हणाल्या नाहीत. मोजपट्टी रोज माझ्या टेबलाशी यायचा, "काय बाई, कसं काय?" म्हणायचा आणि उत्तर काय द्यावं याचा मी विचार करेपर्यंत निघून जायचा. भीक नको पण कुत्रा आवर, असं मला झालं. त्यांचा दोष नव्हता. ऐकणं हेही एक काम असतं आणि ते सगळ्यांना येत नाही.

दोन वर्षं मोडलेलं कलम मी पहिल्या तारखेपासून पाळायचं, असं न्यायाधीशांनी ठरवून दिलं होतं; तोवर मुभा होती. मी रोज फोन केला. रोज वाटायचं, आज सांगावं की उद्यापासून मी नाही. पण काय सांगणार? मी तुम्हाला पैसे देणाऱ्या संस्थेतली आहे, हे सांगितलं तर दोन वर्षांचं सगळंच तिला नाटक वाटलं असतं. न सांगता थांबले तर तिचा घास अडणार. ताई गेली म्हणावं, तर मला एकटीला सोडायला ती तयारच झाली नसती. रडली असती, फोन करा म्हणाली असती. तिला निर्धास्त करेल असं कारण शोधून शोधून एकच सापडलं.

आर्थिक वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी मी फोन लावला.

"बोला, ऐकतेय. आज काय म्हणाली ताई?"

"बोलली," मी म्हणाले.

"काय?"

"बोलली ताई. सकाळी उठले तर म्हणाली, चहा टाक. मग जी सुरू झाली ती अजून थांबली नाही."

मग ती खोलीतल्या कोणाला तरी म्हणाली, "अगं, ताई बोलली." तिथे दोघी-तिघी एकदम काहीतरी म्हणाल्या. कोणीतरी टाळी वाजवली. ऐकणारी फोनवर परत आली तेव्हा तिचं नाक चोंदलेलं होतं. "किती दिवस वाट बघत होतो हो आम्ही. आता तुम्हाला आमची गरज नाही. नाहीच पडायला हवी."

"म्हणूनच केला फोन. उद्यापासून केला नाही तर काळजी करू नका. घरात आता बोलायला माणूस आहे."

"नाही करणार." ती घुटमळली. "आमच्या नियमात बसत नाही, पण विचारू का? त्या जवळ आहेत? एकदा आवाज ऐकू दे ना त्यांचा."

मी नाही म्हणू शकले असते. झोपली आहे, बाहेर गेली आहे, काहीही. पण ती दोन वर्षं माझ्या ताईची वाट बघत होती. जगात दुसरं कोणी बघत नव्हतं. मी म्हटलं, "थांबा, देते." फोन टेबलावर ठेवला. खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. ताईचा आवाज माझ्याहून जाड आणि घाईचा. इतक्या वर्षांत मी तो कधी काढून बघितला नव्हता, पण घशात तयार होता.

"हॅलो, मी ताई बोलतेय. हिने तुम्हाला फार पिडलं ना हो? लहानपणापासून अशीच. स्वतः बोलायची नाही आणि दुसऱ्याने बोललेलं चालायचं नाही. पण मनाने चांगली आहे. जेवते का वेळेवर, ते मी बघते आता. तुम्ही अगदी निश्चिंत राहा."

"एक सांगू ताई? राग नका मानू. पुन्हा तिच्याशी अबोला धरू नका. तिला तुमच्याशिवाय कोणी नाही."

"माहीत आहे मला," मी म्हणाले. "नाही धरणार."

"सांभाळा तिला."

मी हो म्हणाले आणि फोन ठेवला. मग बराच वेळ ताई काही बोलली नाही.